गिरज्यातली हाक

गोजरनं पायरीखाली वहाणा काढल्या आणि मागं वळून पाहिलं. मच्छिंद्र चिंचेखाली दमणी उभी करून बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या सोडत होता. तो काही इकडं यायचं लक्षण दिसेना.

"अवो, येताय न्हवं?"

"मी पाह्यलाय. तू बघून ये."

"एकटीच?"

"तिथं कोन खातंय तुला? आत म्हातारी हाय, ती दाखविते सगळं. जा. दिवस कलायच्या आत निघायचंय."

त्यानं मान वर केली नाही. बैलांपुढं कडब्याची पेंढी सोडायच्या निमित्तानं तो दमणीच्या पलीकडच्या अंगाला गेला, आणि गोजरला नुसता त्याचा फेटा दिसत राहिला.

गोऱ्या साहेबांचा हा गिरजा, म्हणजे त्यांचं देऊळ, बघायचं गोजरच्या मनातही नव्हतं. नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला दोघं जाफराबादकडून जालन्याला आले होते. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांतून दोन दिवस गेले. आज सकाळी सरळ गावाच्या वाटेला लागायचं, तर मच्छिंद्रनं आपण होऊन दमणी छावणीकडं वळवली. "जालन्याला येऊन गिरजा पाह्यला न्हाई तर गावात विचारतेत, मंग पाह्यलं काय?" एवढंच म्हणाला. वर्षभरात नवऱ्यानं आपल्यासाठी काही दाखवायचं काढलं, या आनंदात ती गप्प बसली होती. आता हा आपला चिंचेखाली.

छावणीत बघण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. गोऱ्यांच्या पलटणी उठून गेल्याला एक पिढी होऊन गेली होती. बंगल्यांची छपरं, दारं, चौकटी लोकांनी कधीच काढून नेल्या. बाभळी माजल्या होत्या. त्यात हा गिरजा तेवढा धड उभा होता. काळ्या दगडाचा, उंच, सगळ्या अंगानं वर वर गेलेला. खिडक्यासुद्धा साध्या नव्हत्या. खालून रुंद निघून वर जाऊन टोकाला मिटलेल्या, कुणी हात जोडावेत तशा. एका बाजूला मनोरा. त्याच्या टोकाकडं पाहता पाहता गोजरचा पदर डोक्यावरून घसरला. तो सावरून तिनं जाडजूड दार ढकललं.

आत आल्याबरोबर तिला पहिल्यांदा कळला तो गारवा, मग शांतता. तिच्या बांगड्या वाजल्या, तर तोच आवाज जरा वेळानं लांबून कुठूनतरी परत आला. तिनं मनगटं पदरात धरली. समोर, पार टोकाला, रंगीत काचांची खिडकी होती आणि तिच्यातून लाल, निळा, हळदी असा उजेड फरशीवर सांडला होता. देव कुठं दिसेना. बाकड्यांच्या रांगा मात्र होत्या, कुणी आत्ताच उठून गेल्यासारख्या.

"कोन हाय?"

बाकड्यांच्या मधून एक म्हातारी फडकं हातात घेऊन आली. पांढरं लुगडं, पांढरे केस, डोळ्यांत मोती उतरलेला. ती अगदी जवळ आली, वाकली, आणि गोजरच्या पदराचा काठ दोन बोटांत धरून चाचपला. डाळिंबी रंगाचं, रुंद काठाचं लुगडं होतं ते. म्हातारीचं सगळं तोंड उजळलं.

"आलीस का गं माय! किती दिवस लावलेस! मी म्हणलं, जाफराबादची चतुरा काही मार्थाबाईला विसरायची न्हाई."

गोजरनं पदराकडं पाहिलं.

लुगडं चतुरेचंच होतं. निघताना सासूनं पेटीतून काढून दिलं होतं. "एक-दोनदा नेसलेलं हाय, टाकून द्यायचं का?" म्हणाली होती. चतुरा म्हणजे मच्छिंद्रची पहिली बायको. तिच्या नावाचा चांदीचा टाक गोजरच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली होता. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीची मूर्ती अशी गळ्यात वागवायची, आधी तिला हळदकुंकू वाहायचं, मग आपल्याला लावायचं, ही रीतच होती. नवं कापड आधी टाकाला दाखवायचं, गोडाचा घास आधी तिचा. घरात दूध नासलं तरी चतुरा. गोजरला ताप आला तरी चतुरा. "तिचं मन न्हाई भरलं अजून," सासू म्हणायची. पण ती दिसायला कशी होती, बोलायची कशी, हे कुणी सांगत नव्हतं. गोजरनं एकदाच नवऱ्याला विचारलं, तर तो भरल्या ताटावरून उठून गेला होता. टाकावर दोन डोळे आणि एक नाक होतं. सगळ्याच टाकांवर असतं तसं.

मी ती नव्हं, असं सांगायला गोजरनं तोंड उघडलंही. पण म्हातारीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले होते आणि ती हसत होती. लग्न होऊन उंबरा ओलांडल्यापासून आपण दिसलो म्हणून कुणी असं हसल्याचं गोजरला आठवेना.

"आवाज कामून निघंना? घसा बसलाय का?"

"सर्दी हाय," गोजर हळूच म्हणाली.

"दमणीतून वारा लागला असंल. चल. मागच्या बारीला अर्धंच पाह्यलंस तू. आन् तुझे मालक? अजून चिंचेखालीच का?"

"व्हय."

"आत येईनात बाई ते. भेतेत का काय!"

मार्थाबाई पुढं आणि गोजर मागं, अशा दोघी चालू लागल्या. दुष्काळात आईबाप गेलेली ही बाई मिशनच्या मडमांनी वाढवली होती. लग्नही याच गिरज्यात झालं, नवरा इथंच घंटा वाजवायचा. तो गेला तेव्हापासून झाडलोट तिच्याकडं. आता महिन्याकाठी एखाद्या रविवारी पाद्री येतो आणि दहा-पाच माणसं जमतात, बाकी ती आणि पारवे. हे सगळं ती मागं न बघता सांगत होती. पाय टाकायला तिला डोळ्यांची गरज नव्हती.

भिंतीवर ओळीनं संगमरवरी पाट्या बसवल्या होत्या. एका पाटीपाशी ती थांबली आणि तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हा ध्यानात हाय ना तुझ्या? कप्तान. ही त्याची पहिली बायको, विलायतेहून आली आन् सालाच्या आत मेली, बाळंतपणात. मंग त्यानं दुसरी केली. तिचं नाव हे खाली. तीबी मेली, पटकीनं. दोघींची पाटी एकच."

गोजरनं पाटीकडं पाहिलं. अक्षरं तिला कळत नव्हती. पण वरच्या नावाखाली दुसरं नाव जरा बारीक होतं, हे दिसत होतं.

"तू काय म्हणल्तीस आठवतं का? मी मड्डमसाहेबाला सांगितलं तर त्याबी हसल्या." मार्थाबाई आताही हसायला लागली. "म्हणलीस, बरं झालं बाई, दोघी एकाच भिंतीला हायेत. कप्तान कुठं का मरंना, ह्या दोघींला भांडायला सोबत तरी झाली!"

गोजरला हसू आलं. आपण कशाला हसलो हे कळल्यावर ती दचकली. गळ्यातला टाक तिच्या हाताला लागला. तो गार असायचा, तसाच गार होता. पण असं बोलणारी बाई त्याच्यात कधी असेल, हे तिच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

"अजून काय म्हणले मी?" तिनं विचारलं.

"तू? तुझं तोंड बंद होतं का? ह्या बाकड्यावर बसून म्हणलीस, देवळात टेकून बसायला देतेत हे मला लई आवडलं. काचंतल्या साहेबाच्या हातातलं कोकरू बघून म्हणलीस, ह्याला पाजतं कोन? आन् जिना बघितल्यावर मातर भ्यालीस. चार पायऱ्या चढलीस आन् खाली पळत आलीस. पुढच्या बारीला चढीन, म्हणलीस."

ती मनोऱ्याच्या बारक्या दारापाशी आली होती. आत दगडाचा गोल जिना वर गेला होता. अंधारात पहिल्या दोन-तीन पायऱ्याच दिसत होत्या.

"मंग? चढतीस का आज? मला गुडघ्यानं होत न्हाई."

गोजरनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती चढू लागली. आपण का चढतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. जिना इतका चिंचोळा होता की दोन्ही खांदे दगडाला घासत होते. पहिलं वळण झालं आणि खालचा उजेड गेला. तिच्या पावलांमागून पावलं येत होती. ती थांबली की पावलंही थांबायची, एखाद्या पायरीच्या उशिरानं. दगडातून आपलाच आवाज येतो, हे तिला खाली कळलं होतं. तरी ती मागं वळली नाही. मागं वळण्यापुरती जागाही नव्हती. 'चल गं बाई, भिऊ नको,' ती पुटपुटली, आणि हे आपण कुणाला म्हणालो या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. पण पाय थांबले नाहीत.

वर हिरवी पडलेली मोठी घंटा होती, पारव्यांची घाण होती, आणि चारी बाजूंना मोकळं आभाळ. जालन्याची घरं एकमेकांवर रचल्यासारखी दिसत होती. स्टेशनाकडं कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. खाली, अगदी पायाखाली, चिंच होती आणि मच्छिंद्र होता. तो बैलांकडं बघत नव्हता. दमणीच्या जुवाला हात देऊन तो गिरज्याच्या दाराकडं बघत उभा होता, लांबच्या गावाहून यायचं माणूस आज तरी येतंय का म्हणून उभं राहावं तसा. गोजरला तो इतका बारका आणि इतका एकटा कधी दिसला नव्हता. त्या दारातून आपण बाहेर पडलो तर त्याला काय दिसेल, असं तिच्या मनात आलं.

ती उतरली तेव्हा मार्थाबाई एका दगडी कुंडाला टेकून उभी होती. कमरेएवढं उंच, कमळासारखं उमललेलं कुंड. वर लाकडी झाकण.

"चढलीस! बघ, मी म्हणलं न्हवतं?" तिनं गोजरची पाठ थोपटली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता इथं तरी सांग. मी मघापासून वाट बघून राह्यले तू आपल्या तोंडानं सांगशील म्हणून. लेकरू कसं हाय?"

गोजरला काही उमजेना.

"कोनचं लेकरू?"

"घ्या! कोनचं म्हणते!" म्हातारीनं कुंडावर हात आपटला. "ह्याच जागी सांगितलंस न्हवं मला? इथं लेकरांच्या डोक्यावर पाणी घालतेत म्हणलं, तर रडायलाच लागलीस. सहा वरसांनी दिवस गेलेत मावशे, म्हणलीस. घरात अजून कुनाला म्हाईत न्हाई, मालकालाबी न्हाई. आता बाहेर गेले की त्यांनाच सांगते. मीच तर तुला म्हणलं, जा, आत्ताच सांग."

काचांचा उजेड फरशीवरून सरकत कुंडापर्यंत आला होता. गोजरच्या हातावर तांबडं पडलं होतं. तिनं हात मागं घेतला.

घरी तिला सगळं सांगितलं होतं. चतुरा वांझ होती हे सांगितलं होतं. जालन्याहून येताना वाटेत पटकीनं गेली हेही. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं तर सांगणार कोण?

"का गं? बोलत का न्हाईस? पोरगं झालं का पोरगी?"

म्हातारीचे ते दुधाळ डोळे तिच्या तोंडावर लागले होते. काही दिसत नसतानाही ते तिचं तोंड शोधत होते. खरं सांगणं गोजरच्या ओठावर आलं होतं. ते तिथंच राहिलं.

"पोरगी," ती म्हणाली.

"धन्य रे देवा!" मार्थाबाईनं डोळे मिटून घेतले. तिचे ओठ जरा वेळ हलत राहिले. "मी मागितलं होतं गं. रोज मागत होते. पोरगीच बरी. आईवर गेली असंल तर बोलघेवडी असंल." तिनं डोळे पुसले. "मंग आता हाक मार. मागच्या बारीला मारल्तीस तशी. खालून नाव घेतलं की वरून कोनीतरी परत नाव घेतं, लई गंमत वाटल्ती तुला. सगळे पारवे उडाले होते. मार, मार. लाजतीस काय?"

गोजर गिरज्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वर लाकडी तुळयांचा अंधार होता. तिनं टाक मुठीत धरला. तिला गंमत करायची नव्हती. वर्षभर जिच्या नावानं ती भ्याली, जिचं उष्टं जेवली, जिचं लुगडं नेसली, तिला तिनं एकदाही हाक मारली नव्हती.

"चतुरा!"

पारवे फडफडले. वरून, मनोऱ्याकडून, बाकड्यांमधून नाव परत आलं. एकदा, पुन्हा एकदा. शेवटी जे आलं ते तिच्या आवाजातलं वाटलं नाही. जरा मोकळं, जरा हसल्यासारखं.

दार धाडकन उघडलं. उंबऱ्यात मच्छिंद्र उभा होता. त्याच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

"थांब हां, जाऊ नको," मार्थाबाई म्हणाली आणि मागच्या दारानं आपल्या खोलीकडं गेली. तिला दाराचा आवाज तेवढा आला असावा.

गोजर बाहेर आली. तो पायरीवर बसला होता. ती उभीच राहिली.

"कोन ओरडलं आत?"

"मीच."

"तिचं नाव घेऊन?"

"त्या मावशीला वाटलं मी तीच. लुगडं वळखलं त्यांनी."

"आन् तू सांगितलं न्हाईस?"

"न्हाई."

आता हात उठेल असं तिला वाटलं. पण तो नुसता खाली मातीकडं बघत राहिला. बोलला तेव्हाही तिच्याशी बोलल्यासारखा बोलला नाही.

"तीबी अशीच वरडली होती. मी त्या चिंचेखाली होतो. मंग बाहेर आली आन् म्हणली, तुम्हाला काहीतरी सांगायचंय. तिचं तोंड पाह्यलं आन् माझे हातपायच गार पडले. मला वाटलं, हिला कळलं."

"काय कळलं?"

"सहा वरसं झाल्ती. आईनं दुसरी पोरगी बघून ठेवल्ती. तूच सांग तिला, म्हणली. घरात मला सांगवंना. म्हणून जालन्याला आणलं. जालना दाखवू, गिरजा दाखवू, मन रमलं की मंग सांगू."

"कोनची पोरगी?"

त्यानं मान वर केली नाही.

"तुझ्या बापानं चैतातच लग्नाची सुपारी घेतल्ती."

गोजर पायरीवर बसली. चैतात घरी बाया आल्या होत्या, हे तिला आठवलं. आईनं तिला चोळी-लुगडं नेसवून त्यांच्यापुढं बसवलं होतं. कशाला, ते कुणी बोललं नव्हतं. दसऱ्यानंतर बाप म्हणाला, बिजवर आहे, बायको वारली त्याची. आणि तिला वाटलं होतं, सगळं चतुरेच्या माघारी झालं.

"मी म्हणलं, घरी गेल्यावर बोलू," मच्छिंद्र सांगत होता. "बिलकुल बोलू दिलं न्हाई तिला. बैलं जुंपली आन् निघालो. वाटंनं दोनदा म्हणली, ऐका तरी. मी बैलावर खेकसलो. मुक्कामाच्या गावी पटकी होती. सकाळी उलट्या लागल्या. दिवस मावळायच्या आत..." त्यानं तळहात पालथा केला. "घर आलंच न्हाई."

चिंचेखाली एका बैलानं अंग झाडलं. घुंगरं वाजली आणि थांबली.

"तिला कळल्तं. तळतळाट घेऊन गेली ती. आई म्हणते ते खोटं न्हाई. मी रातच्याला डोळा मिटला की तीच म्हणते, ऐका तरी. आन् मला कान झाकायचं सुचत न्हाई."

तो का आत येत नव्हता, आणि न ऐकलेलं ते बोलणं ऐकायला मिळेल म्हणून आपल्याला त्याच दारापाशी का घेऊन आला होता, हे आता गोजरला कळलं. तिच्या मनात बापाचा राग होता, सासूचा होता, ह्या माणसाचाही होता. त्याच्याकडं बघताना तो कुठं ठेवावा हे तिला सुचेना. जे तिला आत कळलं होतं त्यातलं निम्मं ह्याला तारणारं होतं आणि निम्मं बुडवणारं. आणि दोन्ही एकाच बोलण्यात गुंतलेली होती.

"तिला म्हाईत न्हवतं," ती म्हणाली.

"तुला काय ठाव?"

"मावशी सांगत होत्या. लई हसली म्हणं ती त्या दिवशी. कप्तानाच्या दोन बायकांची पाटी बघून हसली. म्हाईत असतं तर हसली असती का?"

मच्छिंद्रनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

"हसली?"

"तुमच्यावर राग न्हवता तिचा. देवाशप्पत."

"मंग सांगायचं काय होतं तिला?"

गोजरनं मनोऱ्याकडं पाहिलं.

"वर चढायला भ्याली होती. पुढच्या बारीला घेऊन या, म्हणायचं होतं. तेवढंच."

"तेवढंच?"

"तेवढंच."

त्याच्या छातीतून लांब श्वास निघाला. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला, डोळे पुसले, आणि उठून बैलांकडं गेला. चालताना त्याचे खांदे जरा वेगळे दिसत होते. गोजर वहाणा घालून मागं गेली. त्यानं एक बैल जुवाखाली घेतला होता, दुसऱ्याच्या गळ्यात जुपणी अडकवत होता. तेवढ्यात पायरीवरून हाक आली.

"अगं चतुरा! थांब म्हणलं न्हवतं का?"

मच्छिंद्रचे हात जागच्या जागी थांबले.

"जी," गोजर म्हणाली.

मार्थाबाई पायानं वाट चाचपत आली. तिच्या हातात लोकरीची एवढीशी टोपी होती, पिवळी, हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या असलेली.

"विलायतच्या पेटीत आल्ती. मी तवाच बाजूला काढून ठेवल्ती, म्हणलं येईल ही. आता लेक मोठी झाली असंल, डोक्यात जाईल का न्हाई देव जाणे. न्हाई गेली तर पुढच्याला व्हईल." दमणीच्या बाजूला माणूस उभा आहे हे तिला चाहुलीनं कळलं, आणि ती त्याच्याकडं तोंड करून थट्टेनं म्हणाली, "अवो पावणे, बाप तुम्ही असाल, पन खबर पहिली माझी हां. आत कुंडापाशी आधी मला सांगितलं हिनं, मंग बाहेर येऊन तुम्हाला."

गोजरनं डोळे मिटून घेतले.

मग मच्छिंद्रचा आवाज आला. घोगरा होता, पण स्थिर होता.

"व्हय मावशी. पहिली तुमचीच."

त्यानं दोन्ही हात पुढं करून टोपी घेतली. म्हातारीच्या पायांपाशी वाकला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली, आणि पुन्हा या, लेकीला घेऊन या, असं म्हणत आल्या वाटेनं परत गेली.

दमणी छावणीबाहेर पडली. बाभळी संपल्या, रानं लागली. कापूस वेचणाऱ्या बाया बांधावरून घराकडं निघाल्या होत्या. मच्छिंद्र पुढं बसून हाकत होता. कासरा त्याच्या एका हातात होता आणि टोपी दुसऱ्यात. गोजरला वाटलं, आपण काहीतरी बोलावं, खोटं का बोललो ते तरी सांगावं. पण त्याच्या पाठीकडं बघून तिनं दमणीतली घोंगडी नुसती जवळ ओढली. बैल आपल्याच चालीनं चालले होते.

मोठा ओढा आला. बैल पाण्याला थांबले. पाणी पिऊन झालं तरी त्यानं कासरा हलवला नाही.

"काय सांगितलंस मावशीला?" तो पाण्याकडं बघत म्हणाला. "पोरगं का पोरगी?"

"पोरगी."

त्यानं मान हलवली.

"नाव इचारलं का?"

"न्हाई इचारलं त्यांनी."

ओढ्याचं पाणी चाकांच्या आऱ्यांतून वाहत होतं.

"द्वारका म्हणली असती ती," मच्छिंद्र म्हणाला. "तिच्या आईचं नाव. लग्नाच्या पहिल्या सालीच म्हणल्ती मला, पोरगी झाली तर मी कोनाचं ऐकायची न्हाई, द्वारकाच ठेवणार." मग जरा थांबून तो म्हणाला, "सावळी होती ती. पुढचे दोन दात जरा वर होते. हसली की पदर तोंडावर घ्यायची. पन हसायची राहायची न्हाई."

तो सांगत राहिला. त्यानं कासरा कधी हलवला आणि बैल ओढ्याबाहेर कधी निघाले, ते दोघांनाही कळलं नाही. दिवस कलला होता आणि रानातून गार वारा सुटला होता. गोजरनं घोंगडी उलगडून आपल्या पायांवर घेतली. मग ती दमणीच्या एका कडेला सरकली आणि घोंगडीचं दुसरं टोक शेजारच्या मोकळ्या जागेवर, तिथं कुणी बसलेली असावी तसं, नीट पसरून ठेवलं.